हलक्या चिकन एन्चिलाडा घरी करताना

आपल्याकडच्या हॉटेलात एन्चिलाडा मागवली की बहुतेक वेळा ताटात येतो तो वितळलेल्या चीजचा जाड थर. त्याखाली मैद्याची गुंडाळी, तिच्यात पुन्हा चीज, आणि भोवती पिठानं दाट केलेलं सॉस. दोन खाल्ल्या की माणूस सुस्तावतो. मग घरी करताना आपण ठरवतो की कमी फॅटचं चीज आणू, गव्हाची पोळी घेऊ, आणि तोच पदार्थ फिका करून खातो. असं करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्याची गरजच नाही.

चीजचा तो थर, भरपूर जिरं आणि ओव्हनमधला ट्रे ही मुख्यतः टेक्सासची आणि अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांची पद्धत आहे. मेक्सिकोत रोजच्या जेवणातली एन्चिलाडा वेगळी असते. मक्याची लहान तोर्तिया, म्हणजे पातळ पोळी, गरम मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायची, आत थोडं उकडलेलं चिकन ठेवून गुंडाळायची, वर कुस्करलेलं ताजं चीज, कच्चा कांदा, लेट्यूसची पानं, आणि लगेच खायची. चीज चवीपुरतं. सॉस घट्ट होतं ते मिरचीच्या गरानंच, त्यात ना मैदा ना क्रीम. तेल मात्र तिथे सढळ असतं, कारण तोर्तिया तेलातून काढतात. म्हणजे हलकी एन्चिलाडा करायची तर मेक्सिकोतल्या स्वयंपाकघराचीच पद्धत धरायची आणि फक्त तेलाचं काम निराळ्या तऱ्हेनं करायचं. चव कुठेच सोडावी लागत नाही.

तिथेही जड प्रकार आहेतच. मेक्सिको सिटीतल्या सानबोर्न्स या जुन्या उपाहारगृहामुळे प्रसिद्ध झालेल्या एन्चिलाडा सुईसासमध्ये क्रीम आणि वितळलेलं चीज दोन्ही सढळ हातानं असतं. ग्वानाह्वातो या खाणींच्या शहरातल्या एन्चिलाडा मिनेरासवर तेलात परतलेले बटाटे आणि गाजरं येतात, तर सान लुइस पोतोसीकडे मिरची थेट पिठातच मळतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं मात्र साध्या लाल एन्चिलाडांपासून सुरुवात करावी. सॉस जमलं की पुढचं सगळं सोपं आहे.

खालचं प्रमाण चौघांसाठी, म्हणजे १२ एन्चिलाडांचं आहे. १ कप म्हणजे २४० मिली.

काय काय लागेल

चिकनसाठी: ५०० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट, अर्धा कांदा, ३ लसूण पाकळ्या, १ तमालपत्र, ५-६ मिरे, १ चमचा मीठ.

सॉससाठी: १२ सुक्या ब्याडगी मिरच्या, ५-६ काळ्या मनुका, ३ मध्यम टोमॅटो, अर्धा कांदा, सालासकट ४ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा ओरेगॅनो, पाव चमचा जिरं, २ छोटे चमचे तेल, दीड कप चिकनचं पाणी, मीठ.

तोर्तियांसाठी: दीड कप मसा हारिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात उकळलेल्या मक्याचं पीठ (साधारण १८० ग्रॅम), पाव चमचा मीठ, सव्वा कप कोमट पाणी, शिवाय तोर्तियांना लावायला १ मोठा चमचा तेल.

सारणात घालायला: १ कांदा, २ कप किसलेला कोवळा दुधी किंवा झुकिनी.

वरून: १०० ग्रॅम ताजं पनीर, अर्धा कप दही, लेट्यूस किंवा बारीक चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू.

मिरची कुठली घ्यायची

मेक्सिकोत या सॉससाठी ग्वाहियो आणि आन्चो या सुक्या मिरच्या वापरतात. ग्वाहियो लांबट, तुकतुकीत, गडद लाल आणि बेताची तिखट असते. आन्चो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. ती रुंद, सुरकुतलेली, चवीला मनुकांसारखी गोडसर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना या दोन्ही मेक्सिकन किराणा दुकानात सहज मिळतील. त्यांनी ६ ग्वाहियो आणि २ आन्चो घ्याव्यात आणि मनुका गाळाव्यात.

महाराष्ट्रात करताना ब्याडगी घ्या. ही काही ओढूनताणून केलेली तडजोड नाही. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. ब्याडगी आणि ग्वाहियो या एकाच वनस्पती-जातीतल्या मिरच्या आहेत, आणि दोघींचा स्वभावही जुळतो: रंग भरपूर, तिखटपणा मर्यादित. दुकानात ‘डब्बी’ ब्याडगी मिळाली तर उत्तम, ती आणखी कमी तिखट आणि जास्त रंगाची असते. काश्मिरी मिरचीही चालेल. लवंगी किंवा संकेश्वरी मात्र नको. या सॉसमध्ये मिरची मसाला म्हणून चिमूटभर पडत नाही, तीच सॉसचं अंग असते. तिखट मिरची घेतली तर तोंडात घास ठरणार नाही. त्याच कारणानं लाल तिखटाची पूडही वापरू नका. पुडीनं रंग येतो, गर येत नाही.

चिकन

चिकनचे तुकडे पातेल्यात ठेवून ते बुडतील आणि वर दोन बोटं राहील इतकं गार पाणी घाला. कांदा, लसूण, तमालपत्र, मिरे, मीठ टाका आणि मध्यम आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की आच अगदी मंद करा. खळखळून उकळू द्यायचं नाही. जोरात उकळलेलं ब्रेस्ट चिवट आणि कोरडं होतं, आणि कमी चीजच्या एन्चिलाडात तो कोरडेपणा लपवायला काही नसतं. १२ ते १५ मिनिटांनी गॅस बंद करून झाकण ठेवा आणि १० मिनिटं तसंच राहू द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर तिथेच कापून पाहा. आत गुलाबी दिसलं किंवा रस गढूळ लालसर आला, तर पुन्हा मंद आचेवर ठेवा.

कोमट झालं की दोन काट्यांनी किंवा हातानंच तंतू सोडवा. सुरीनं तुकडे करू नका, तंतूंमध्ये सॉस जितकं मुरतं तितकं चौकोनी तुकड्यांत मुरत नाही. उरलेलं पाणी गाळून ठेवा. सॉसला खरी चव त्या पाण्यानं येते, आणि त्यासाठी चरबीचा एक थेंबही लागत नाही.

हाडासकट चिकन घेतलं तर पाणी जास्त चविष्ट होतं. मग ७०० ग्रॅम घ्या, साल काढून टाका आणि १० मिनिटं जास्त शिजवा.

सॉस

सगळं कौशल्य इथे आहे, म्हणून सावकाश करा.

मिरच्यांची देठं काढा, चिरून बिया झटका. तवा मध्यम गरम करून मिरच्या पसरा आणि उलथन्यानं हलक्या दाबत दोन्ही बाजूंनी मिळून २० ते ३० सेकंद भाजा. वास सुटला आणि रंग किंचित बदलला की काढाच. काळी पडलेली एक मिरची सगळं सॉस कडू करते, आणि तो कडूपणा साखरेनंही जात नाही. करपलेली मिरची सरळ फेकून द्या. भाजलेल्या मिरच्या आणि मनुका कढत पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा. वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर बशी ठेवा.

तोवर त्याच तव्यावर अख्खे टोमॅटो, कांद्याच्या जाड फोडी आणि सालासकट लसूण कोरडेच भाजा. इथे काळे डाग पडायला हवेत. मेक्सिकोत हेच काम कोमाल नावाच्या सपाट तव्यावर होतं, आणि टोमॅटोचा तो जळका, गोडसर वास हाच पुढे तेला-तुपाची उणीव भरून काढतो. लसूण ५-६ मिनिटांत मऊ होईल, टोमॅटोला १० ते १२ मिनिटं लागतील.

भिजलेल्या मिरच्या, मनुका, टोमॅटो, कांदा, सोललेला लसूण, जिरं, ओरेगॅनो आणि १ कप चिकनचं पाणी मिक्सरमधून एकदम बारीक वाटा. मिरच्यांचं भिजवलेलं पाणी चाखून पाहा. कडवट लागलं तर ओतून द्या. वाटण गाळणीतून दाबून गाळा. हा टप्पा टाळू नका, ब्याडगीची सालं वाटूनही चिवट राहतात आणि घशाला टोचतात.

जाड बुडाच्या कढईत २ छोटे चमचे तेल चांगलं तापवून गाळलेलं सॉस एकदम ओता. उडेल, म्हणून झाकण हाताशी ठेवा. मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं ढवळत शिजवा. इथे तेल सुटायची वाट पाहू नका, तेवढं तेल त्यात नाहीच. रंग गडद झाला आणि कच्च्या टोमॅटोचा वास गेला की झालं. उरलेलं अर्धा कप पाणी आणि मीठ घालून सारखं करा. सॉस सोलकढीपेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ हवं. तोर्तियावर चढावं, पण तिला जड करू नये.

हळद, धणेपूड, गरम मसाला यांपैकी काही घालायचा मोह होईल, तो आवरा. जिरंही पाव चमच्याच्या वर नको. मसाले वाढवले की चिकनचा रस्सा होतो. तो छानच लागेल, पण मग मिरची आणि मक्याची चव हरवते, आणि एवढा खटाटोप आपण त्या दोघांसाठीच केला आहे.

तोर्तिया

बाजारातल्या तीन पिठांमध्ये गोंधळ होतो, तो आधी मिटवू. पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचं स्टार्च. त्याची तोर्तिया होत नाही. पिवळं मक्याचं पीठ म्हणजे सुका मका दळलेला; त्याची भाकरी होते, पण गुंडाळायला गेलं की मोडते. तिसरं मसा हारिना, तेच आपल्याला हवं आहे.

मसा हारिनाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सालं धुऊन काढतात आणि मग दळतात. हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच पदार्थ, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे मक्याच्या दाण्यातली भिंत सुटते आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. तसंच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येईल असं मोकळं होतं आणि कॅल्शियमही वाढतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांना ही युक्ती हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. युरोपनं मका नेला पण चुना नेला नाही. तिथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनअभावी पेलाग्रा हा रोग होऊ लागला. तेव्हा दिसायला एवढीशी असलेली ही पायरी मोलाची आहे. मसा हारिना मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. शक्य असेल तर तेच आणा.

पीठ, मीठ आणि सव्वा कप कोमट पाणी एकत्र करून मळा, झाकून २० मिनिटं ठेवा. गोळा दाबल्यावर कडा फुटत असतील तर थोडं पाणी लावा, हाताला चिकटत असेल तर चमचाभर पीठ. त्याचे १२ गोळे करा. दुधाची पिशवी धुऊन, कापून तिचे दोन तुकडे घ्या, मध्ये गोळा ठेवून पुरी प्रेसनं किंवा सपाट बुडाच्या जड पातेल्यानं दाबा. साधारण १४ सेंटिमीटरची, भाकरीपेक्षा पातळ चकती व्हायला हवी. चांगल्या तापलेल्या कोरड्या तव्यावर टाका. कडा सुटल्या की, म्हणजे २०-३० सेकंदांनी, उलटा. दुसरी बाजू मिनिटभर भाजून पुन्हा उलटली की ती थोडी फुगेल. लगेच जाड फडक्यात गुंडाळून ठेवा. फडक्यातल्या वाफेनं तोर्तिया मऊ होतात, उघड्या ठेवल्या तर कडक होतील.

मसा हारिना मिळालंच नाही तर १ कप पिवळं मक्याचं पीठ आणि १ कप कणीक कढत पाण्यात मळून पातळ लाटा. ती तोर्तिया नव्हे, पण गुंडाळली जाते आणि मक्याचा वास राहतो. नुसत्या कणकेची किंवा मैद्याची पोळी घेऊ नका. ती सॉस पिऊन लगदा होते. शिवाय तयार मिळणारी मैद्याची मोठी तोर्तिया एकटीच १४० कॅलरींच्या आसपास असते. मक्याची लहान तोर्तिया ५५ च्या आसपास.

तळायचं टाळून

मेक्सिकोत तोर्तिया गरम तेलातून पटकन काढतात, त्याला कारण आहे. तेलाचा पातळ लेप बसला की तोर्तिया लवचीक होते आणि सॉस तिच्या आत चटकन शिरत नाही. तेल पूर्ण वगळलं तर गुंडाळ्या फाटतील. पण तो लेप बसवायला तळायची गरज नाही. १ मोठा चमचा तेल वाटीत घ्या, ब्रशनं किंवा बोटांनी प्रत्येक तोर्तियाला दोन्ही बाजूंनी अगदी पुसटसं लावा आणि गरम तव्यावर प्रत्येक बाजूला १५-१५ सेकंद टाका. १२ तोर्तियांना मिळून तेवढंच तेल पुरतं, आणि १ मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. तळताना याच्या कितीतरी पट तेल आत जातं.

सारण

कांदा बारीक चिरून तव्यावर थोड्या चिकनच्या पाण्यात मऊ करा. किसलेला दुधी घट्ट पिळून त्यात घाला आणि पाणी आटेपर्यंत परता. मेक्सिकोत कोवळा भोपळा भाजीत नेहमी असतो, दुधी त्याच्या जवळचा. मग चिकनचे तंतू आणि अर्धा कप सॉस घालून दोन मिनिटं परता, लिंबू पिळा. सारण ओलसर हवं, पण त्यातून पाणी गळता कामा नये. गळलं तर गुंडाळी खालून फुटते.

जुळवणी

आता घाई करायची. जेवणारे ताटावर बसले की मगच सुरुवात करा.

पनीर हातानं कुस्करून त्यात मीठ आणि थोडं लिंबू घाला. केसो फ्रेस्को या मेक्सिकोतल्या ताज्या चीजची जागा ते चांगली भरून काढतं. दही फेटून, मीठ घालून, धार पडेल इतकं सैल करा. सॉस मंद आचेवर गरम ठेवा. चिमट्यानं तोर्तिया सॉसमध्ये बुडवून दोन्ही बाजूंनी माखा, ताटलीत ठेवा, मधोमध दोन मोठे चमचे सारण, गुंडाळा, जोड खाली. प्रत्येकाला तीन. वरून पळीभर गरम सॉस, मग पनीर, दह्याची धार, पानं, मुळा, कांदा, कोथिंबीर. हिरवा कुरकुरीतपणा सढळ हातानं घाला. त्यानंच ताटली भरते आणि पोटही.

पाहुणे जास्त असतील तर ओव्हनचा मार्ग बरा. पसरट भांड्याच्या तळाशी अर्धा कप सॉस, त्यावर गुंडाळ्या चिकटून एका ओळीत, वर उरलेलं सॉस आणि ५० ग्रॅमपर्यंत किसलेलं चीज, मग पनीर कमी करा. १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, त्याहून जास्त नको. दही ओव्हनमध्ये कधीच घालू नका, फाटतं, ते वाढतानाच. ओव्हन नसेल तर पसरट कढईत झाकण ठेवून मंद आचेवर ४-५ मिनिटं पुरतात.

या प्रमाणात एका माणसाच्या तीन एन्चिलाडा मिळून ५०० कॅलरींच्या आसपास बसतात. तुलनेसाठी, चौघांच्या ट्रेवर ३०० ग्रॅम चेडर किसलं तर फक्त चीजच्याच १२०० कॅलरी होतात. सोबत भात वाढण्यापेक्षा कांदा-मीठ घालून नुसता उकडलेला राजमा, पाण्यासकट, वाटीत द्या. मेक्सिकोत फ्रिहोलेस दे ओया म्हणून शेंगवर्गाचे दाणे असेच शिजवतात; डुकराच्या चरबीत परतून घोटलेले दाणे हा त्यांचा जड प्रकार.

हिरवं सॉस हवं असेल तर

मूळ हिरवं सॉस तोमातियोचं असतं. कागदी आवरणातलं हे आंबट हिरवं फळ आपल्या रसभरीच्याच कुळातलं आहे, पण म्हणून कच्ची रसभरी वापरू नका. ती कच्ची खाण्याजोगी नसते. त्याऐवजी फिकट हिरवे, जेमतेम पिकायला लागलेले ५०० ग्रॅम टोमॅटो, २ हिरव्या मिरच्या, कांदा आणि लसूण तव्यावर भाजा, कोथिंबिरीसह वाटा, थोड्या तेलात ७-८ मिनिटं शिजवा आणि लिंबानं आंबटपणा वाढवा. चिकनबरोबर हे लालपेक्षाही हलकं लागतं. उन्हाळ्यात मी तर हेच करेन.

उरलं तर

जुळवलेल्या एन्चिलाडा ठेवू नका, तासाभरात मऊ पडतात. सगळं वेगवेगळं ठेवा: सॉस फ्रिजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीझरमध्ये दोनेक महिने; चिकन फ्रिजमध्ये ३ दिवस. म्हणूनच सॉस दुप्पट करून ठेवावं, दुसऱ्या खेपेला अर्ध्या तासात जेवण होतं. शिळ्या तोर्तियांचे त्रिकोणी तुकडे करून १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत भाजा, गरम सॉसमध्ये मिनिटभर घोळवा आणि वर पनीर, कांदा आणि एखादं उकडलेलं अंडं ठेवा. हे चिलाकिलेस, मेक्सिकोतला सकाळचा नाश्ता.